म्हात्रे सरांची विश्वसभा

म्हात्रे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा साहेबांसमोर जाऊन दाखवायचं, हा आम्हा पेन्शनरांचा नोव्हेंबरातला सण. माझ्यापुढे चारच माणसं उरली होती. फोनवर सरांची सून होती. "बाई, पप्पा गेले... सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत." मी नुसतं "बरं" म्हणाले. असं का म्हणाले कोण जाणे. मग नंबर सोडायचा नाही म्हणून तशीच उभी राहिले, सही केली, त्या यंत्रावर अंगठा ठेवला, आणि बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसून रडले. रिक्षा करून निघाले तर वडखळला नेहमीची कोंडी. नागोठणं मागे टाकून रोह्याला पोचेपर्यंत सरांना नेऊनसुद्धा झालं होतं. अंगणात चपला तेवढ्या दिसल्या.

त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात सरांवर दोन-तीन ठिकाणी लिहून आलं. 'हाडाचे शिक्षक', 'निगर्वी व्यक्तिमत्त्व' वगैरे. वाचून माझं डोकं फिरलं. सर आणि निगर्वी? स्वतःच्या अक्षराचा त्यांना इतका अभिमान होता की दुसऱ्या कोणी फळ्यावर तारीख लिहिली तरी पुसून पुन्हा लिहायचे. हट्टी होते, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत, आणि चूक झाली तर कबूल करायला त्यांना आठ-आठ दिवस लागायचे. म्हणूनच शेवटच्या काही वर्षांत त्यांनी जे केलं त्याची किंमत मला ठाऊक आहे. त्याबद्दल रोह्यात दबक्या आवाजात बोललं जातं आणि निम्मं चुकीचं बोललं जातं. त्या प्रकरणात माझाही हात होता. अगदी शब्दशः हात. तेव्हा मीच लिहिलेलं बरं.

सर मूळचे डोलवीच्या बाजूच्या खारपट्ट्यातले. त्यांच्या लहानपणी तिथे भात आणि खाडी एवढंच होतं, आता कंपनी आहे आणि घराघरात शिफ्टच्या वेळेवर स्वयंपाक होतो. सर मात्र नोकरीच्या पहिल्या वर्षी रोह्याला आले आणि तिथलेच झाले. आमच्या शाळेत ते इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे, मी चित्रकला. दोघांचेही विषय असे, की परीक्षा जवळ आली की गणितवाले येऊन तास मागून न्यायचे. मी देऊन टाकायचे. सर द्यायचे नाहीत. आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी ते नववीच्या वर्गात 'विश्वसभा' भरवायचे. बाकं गोल मांडायची, प्रत्येक मुलाला एक देश द्यायचा, पुठ्ठ्यावर नाव लिहून समोर ठेवायचं, आणि जगाचा एखादा प्रश्न घेऊन दिवसभर कडाकडा भांडायचं. नियम सरांचे. अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय बोलायचं नाही. परवानगी मिळाली की दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत कोणीही मधे तोंड घालायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा नाही. देश वाटायची पद्धतही त्यांचीच. बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या आणि डॉक्टरांच्या मुलांना समुद्रातली टीचभर बेटं, आणि नदीपलीकडच्या वाडीतून येणाऱ्या आदिवासी मुलांना महासत्ता. पालक तक्रारी घेऊन यायचे. एका वडिलांनी तर "निदान फ्रान्स तरी द्या" म्हणून हात जोडले होते. सर जागचे हलले नाहीत.

सभा संपली की प्रत्येकाला 'विश्वनागरिक' असं प्रमाणपत्र मिळायचं. ते मी काढलेलं. मधोमध शिक्का, त्यात पृथ्वी, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पानांच्या डहाळ्या काढायच्या असं सर म्हणाले होते. परदेशात त्यासाठी कुठल्या झाडाची पानं घेतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सरळ भाताच्या लोंब्या काढल्या. पृथ्वीवर कुंडलिका नदी काढली, तीही नाईलएवढी रुंद. सर पोट धरून हसले आणि म्हणाले, "राहू दे बाई, रोह्यात सभा भरणार तर नदी रोह्याचीच मोठी पाहिजे." खाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एक वाक्य लिहिलं, 'हे पत्र धारण करणारी व्यक्ती पृथ्वीवर कोठेही परकी नाही.' मुख्याध्यापक म्हणाले, कोपऱ्यात 'शालेय उपक्रम' एवढं छापा. सर म्हणाले, छापणार नाही, तसं छापलं तर मुलांना ते खेळणं वाटेल. त्या दोन शब्दांवरून भांडण झालं आणि सर जिंकले. मीही सरांच्याच बाजूने बोलले होते.

वीसेक वर्षांपूर्वीच्या एका सभेत अध्यक्ष होता वाडीतला प्रकाश. काटकुळा पोरगा, पण आवाज असा की वर्ग गप्प व्हायचा. पुढे तो बारावी झाला, डोलवीला कंत्राटावर लागला, कंत्राट संपल्यावर घरी आला, आणि वाडीच्या जागेसाठी तालुक्याला खेटे घालू लागला. वाडी जंगलाच्या जमिनीवर. चार पिढ्या तिथेच राहत होत्या, पण कागद कोणाच्याच नावावर नाही. प्रकाशने अर्जांवर अर्ज केले. मग तो कुठेतरी गेला, दोन-तीन वर्षं दिसला नाही, आणि परत आला तो बाहेरच्या चार माणसांना आणि एका पांढऱ्या गाडीला घेऊन.

हे आम्हाला कळलं ते सुगंधामुळे. सुगंधा वाडीतलीच, पूर्वी आमच्या शाळेत पाणी भरायला यायची, आता बाजारात रानभाजी विकते. मी निवृत्तीनंतर मुलाकडे पेणला राहायला आले, तरी दातांसाठी माझा भरवसा रोह्याच्याच डॉक्टरवर, आणि तिथे गेले की दुपारचं जेवण सरांकडे. अशाच एका दुपारी आम्ही जेवत असताना सुगंधा ओटीवर आली आणि कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढून सरांपुढे धरलं. "गुरुजी, वाचून सांगा काय लिवलंय. परकाश म्हनतो, ह्ये जगाच्या सरकारचं कार्ड हाय. ह्ये आसलं का रेशनकार्ड नको, आधार नको, जातीचा दाखला नको. आपून मूळ मालक, हितलं सरकार नुसतं भाडेकरू, आनि त्याची मुदत सरली. आपले समदे कागद पुनवेला नदीत सोडायचे, गनपती सोडतात तसे. जो ठेवंल तो गुलाम." सरांनी विचारलं, "आणि कोणी नाही सोडले तर?" सुगंधाने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "अंगनवाडीचा खाऊ घेऊन गाडी आली ती मागं धाडली. पोरीला शालंत घातली म्हनून एका घराची कौलं फोडली. आजून काय सांगू?"

सरांच्या हातात घास तसाच होता. कार्डाला प्लास्टिक चढवलं होतं, कडेने सोनेरी पट्टी होती, आणि मधोमध पृथ्वी, भाताच्या लोंब्या आणि नाईलएवढी कुंडलिका. खाली सरांचं अक्षर जसंच्या तसं... पृथ्वीवर कोठेही परकी नाही. "बाई, ही तुमची लोंबी आहे," सर म्हणाले. मग ताट सारून उठले आणि मोरीवर जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिले.

यात जाणार काय होतं ते नीट सांगायला हवं. वाडीच्या जागेचे दावे त्याच महिन्यात कुठे मार्गी लागले होते, पाहणीला साहेब यायचे होते. आणि आपण इथेच राहत आलो याचा वाडीकडे एकच पुरावा होता, आजोबा-पणजोबांच्या काळातली फाटकी रेशनकार्डं आणि दाखले. ते पुनवेला नदीत गेले असते तर वाडी कागदावरून पुसली गेली असती. मग एक दिवस कोणीही येऊन उठा म्हटलं असतं आणि त्यांना उठावं लागलं असतं. हातात मात्र मी काढलेलं चित्र राहिलं असतं.

मी म्हणाले, पोलिसांत जाऊ. सर म्हणाले, "पोलीस आले की ती चार माणसं गाडीत बसून निघून जातील आणि मार वाडी खाईल." त्यांनी प्रकाशला निरोप पाठवला. गुरुवारी तो आला, मी मुद्दाम थांबले होते. त्याच्याबरोबरची दोन माणसं फाटकाशी उभी राहिली, आत आली नाहीत, पण नजर आमच्यावर होती. प्रकाश सरांच्या पाया पडला, माझ्याही पडला, आणि खुर्चीच्या टोकावर बसला. सरांनी कार्ड पुढे ठेवलं. "हा खेळ होता रे प्रकाश."

"तुमच्यासाठी खेळ व्हता, सर," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी मला पयल्यांदा कोनी तरी खुर्ची दिली. दुकानदाराची पोरं हात वर करून माजी परवानगी मागत व्हती. त्याच्या आधी नाय, त्याच्यानंतर नाय. तालुक्याला अर्ज केले, जिल्ह्याला केले. एकाचंबी उत्तर तवा आलं नाय. तुमीच शिकवलं ना, खालचा ऐकत नसंल तर त्याच्या वरच्याकडं जायाचं? मी येकदम वरच्याकडं गेलो."

"तिथं वर कोण आहे असं तुला वाटतं?"

"ती परदेशातली बिल्डिंग हाय की. समद्या देशांचे झेंडे हायत. मूळ मालकांची नोंद हाय तिथं."

"अरे, तिथे माणसं बसून बोलतात," सर म्हणाले. "आपण वर्गात बोलायचो तशीच. ठराव करतात, कधी पाळला जातो, कधी नाही. तिथून तुझ्या वाडीत जीप येत नाही प्रकाश. इथल्याच सरकारकडे सात वेळा जावं लागतं. आठव्यांदाही जावं लागतं. मी येतो बरोबर." प्रकाशच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं असं मला वाटलं, पण तेवढ्यात फाटकावरचा माणूस खाकरला आणि प्रकाश उठला. जाताना म्हणाला, "सर, पुनवेला तिकडं येऊ नका. ह्या मानसांना मी आवरू शकत नाय." म्हणजे त्यालाही भीती होती. आणि तरी तो त्यांचाच होता. त्याचा मला फार राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

आता माझी चूक. पेणला आमच्या सोसायटीत एक अण्णा आहेत, निवृत्त इंजिनिअर. सकाळी फिरायला जाणाऱ्या पुरुषांचा त्यांचा एक ग्रुप आहे आणि त्या ग्रुपला गेली काही वर्षं एकच ध्यास लागलाय, की सगळ्या जगाचं एक गुप्त सरकार येऊ घातलंय. सण तेच बंद करणार, औषधं तेच टोचणार, पेणच्या मूर्ती कशाच्या करायच्या हेसुद्धा तिकडूनच ठरतंय, आणि त्यांचे हस्तक गावोगाव पेरलेत, त्यांना हुडकून ठेचलं पाहिजे. 'ठेचलं' हा शब्द अण्णा फार चवीने उच्चारतात. मी मूर्ख. वाडीत काय चाललंय ते बोलून मोकळं व्हावं म्हणून त्या कार्डाचा फोटो अण्णांना दाखवला आणि शिक्का आमच्याच शाळेतला हेही सांगून बसले. दोन दिवसांत सरांचा फोटो फोनाफोनांवर फिरत होता. 'जागतिक सरकारचा रोह्यातला एजंट.' मोटारसायकलवरून दोघे तरुण सरांच्या घरी आले आणि विचारून गेले, "मास्तर, परदेशातून पाकिटं कधी येतात?" त्याच आठवड्यात वाडीकडून एक कागद दाराला चिकटवला गेला, 'भाडेकरू सरकारचा दलाल'. म्हणजे एका टोळीच्या हिशेबात सर जगाचे एजंट आणि दुसऱ्या टोळीच्या हिशेबात देशाचे. सून घाबरून नातवाला घेऊन माहेरी गेली.

मी सरांपुढे जाऊन कबूल केलं. वाटलं, तोंडसुद्धा बघणार नाहीत. पण त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या फोनवर अण्णांकडून आलेला फोटो आणि प्रकाशच्या माणसांनी वाडीत वाटलेल्या पत्रकावरचा फोटो शेजारी शेजारी धरले. तीच परदेशातली इमारत, तीच झेंड्यांची रांग, अगदी एकच फोटो. अण्णांनी त्यावर लाल फुली मारली होती, प्रकाशच्या माणसांनी झेंडूची माळ घातली होती. "बघा बाई," सर म्हणाले, "ह्यांना भ्यायला जगाचं सरकार पाहिजे आणि त्यांना टेकायला पाहिजे. कोणालाही तिथे काय चालतं ते वाचायचं नाही. वाचलं तर कंटाळवाणं निघेल, बैठका आणि कागद, त्यावर कोण ठेचाठेची करणार?" जरा थांबून म्हणाले, "पण ह्या पोराला मीच शिकवलं... आणि 'शालेय उपक्रम' छापू दिलं नाही." हे त्यांच्या तोंडून ऐकायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

पौर्णिमेला सकाळी आम्ही गेलो. मी जाऊ नका म्हणाले, मग एकटे जाऊ नका म्हणाले, आणि शेवटी बरोबर गेले. नदीकाठी वाडीतली सगळी घरं जमली होती. मधे फुलांनी सजवलेली एक टोपली आणि तिच्यात कागद. जुनाट पिवळी रेशनकार्डं, घड्या पडलेले दाखले, कोणाचा तरी लहानपणीचा फोटो चिकटवलेला अर्ज. बायका गप्प होत्या, आरतीला असतात तशा नव्हत्या. ती चार माणसं हातात काठ्या घेऊन टोपलीभोवती उभी होती. आम्हाला बघताच त्यांतला एक पुढे आला आणि सरांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे लोटलं. सर धडपडले. मी त्यांचा दंड धरला. कोणीतरी ओरडलं, "हाना दलालाला!" मला वाटलं, झालं...

सरांनी हात वर केला. वर्गात पोरं करायची तसा, सरळ, बोटं जुळवून. आणि त्या माणसांकडे न बघता, टोपलीमागे उभ्या असलेल्या प्रकाशकडे बघत खड्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मला बोलायची परवानगी हवी."

प्रकाशचा चेहरा मी विसरणार नाही. विचार करून तो बोललाच नाही. त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "दोन मिनिटं." आणि तो काठीवाला पुन्हा पुढे सरकला तेव्हा प्रकाशच त्याच्यावर खेकसला, "मधी तोंड घालायचं नाय! परवानगी दिलीय!"

सरांनी दोन मिनिटांत भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमच्या कार्डावरचं वाक्य माझं. नववीच्या पोरांसाठी लिहिलेलं. तो खेळ आहे असं त्यावर छापायला पाहिजे होतं, मी गर्वाने छापलं नाही. चूक माझी. ह्या कार्डाला ह्या नदीच्या अलीकडे किंमत नाही आणि पलीकडेही नाही. चित्र ह्या बाईंनी काढलंय. खोटं वाटत असेल तर त्या आत्ता काढतील." मग माझ्याकडे वळले. "बाई, एक मिनिट उरलंय."

चुलीतला कोळसा कोणीतरी दिला. मी टोपलीशेजारच्या कातळावर बसले आणि काढलं. वर्षानुवर्षं काढलेली ती पृथ्वी आली, लोंब्या आल्या, एकेका लोंबीला सात दाणे. नदी काढायला लागले तशी सुगंधा वाकून बघायला लागली. पिशवीतून तिने स्वतःचं कार्ड काढलं, कातळावर चित्राशेजारी ठेवलं, आणि म्हणाली, "गो बाय, ह्यो तर तुजाच हात!" मग कोणाला काही न विचारता ती टोपलीपाशी गेली, वरची फुलं बाजूला सारली, आणि आपले कागद शोधायला लागली. काठीवाल्याने तिचं मनगट धरलं. ती त्याला म्हणाली, "सोड. माज्या सासऱ्याचं नाव हाय त्याच्यावर." त्याने कोणाकडे बघावं? त्याने प्रकाशकडे बघितलं. प्रकाश खाली मान घालून उभा होता. मनगट सुटलं. मग आणखी एक बाई आली, मग एक म्हातारा.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. निम्म्या घरांनी कागद उचलले, निम्म्यांनी नाही. चिडलेल्या एका काठीवाल्याने टोपली उचलून पाण्यात भिरकावली, आणि प्रकाशने स्वतःच्या खिशातले आपले आणि आईचे कागद काढून सर्वांसमोर तिच्यामागे फेकले. मघाशी मान खाली गेली त्याची भरपाई केल्यासारखे. सर चपलांसकट नदीत उतरले. मांडीपर्यंत पाण्यात, सत्तरी उलटलेला माणूस, वाहते कागद धोतराच्या सोग्यात गोळा करत होता आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचत होता. पांढरी गाडी त्या दुपारी गेली ती पुन्हा आली नाही. अण्णांच्या ग्रुपलाही लवकरच दुसरा कोणी एजंट सापडला. माफी कोणी मागितली नाही, अण्णांनीही नाही. मी त्यांच्याशी अजून बोलत नाही.

भिजलेले कागद सरांनी बाहेरच्या खोलीत सुतळ्या बांधून वाळत घातले. जे वाचता येत होतं ते वहीत उतरवलं, आणि ज्यांचे वाहून गेले त्यांच्यासाठी नवे अर्ज सुरू केले. दर सोमवारी नऊ वाजता ती खोली उघडायची. वाडीतली माणसं येऊन भिंतीशी बसायची, सर अर्ज भरायचे, मग त्यांना घेऊन कचेरीत जायचे. सात वेळा, आठ वेळा. कारकून त्यांना बघून कपाळाला हात लावायचे. पाहणी झाली, ज्यांचे कागद वाचले होते त्यांचे दावे मान्य झाले, आणि एकेक करून बाकीचीही घरं लागत गेली. शेवटी राहिली ती जानीबाई, प्रकाशची आई. तिचं काहीच सापडलं नव्हतं. तिच्यासाठी दोन जाणत्या माणसांचा जबाब लागणार होता, की ही बाई इथेच राहत आली. एक जबाब सुगंधाचा झाला, अंगठ्यानिशी. दुसऱ्यावर सरांनी सही केली, आणि पुढच्या मंगळवारी कचेरीत उभं राहून सांगायचं होतं. त्याआधीच ते गेले.

मागच्या सोमवारी मी रोह्याला गेले. सुनेने सांगितलं, "बाई, लोक अजून येतात. मी काय सांगू त्यांना?" खोलीत सुतळ्या तशाच होत्या. भिंतीशी सुगंधा, जानीबाई आणि आणखी दोघी बसल्या होत्या. मी सरांच्या खुर्चीत बसले नाही, शेजारच्या स्टुलावर बसले. जानीबाईचा अर्ज काढला आणि सांगितलं की सरांची सही आता चालणार नाही, दुसऱ्या कोणी तरी कचेरीत उभं राहायला हवं. मी पेणची झाले, माझीही चालायची नाही. तेव्हा दाराबाहेरून आवाज आला, "मी करतो सही." प्रकाश होता, त्या पुनवेनंतर मला पहिल्यांदाच दिसलेला. केव्हाचा उभा होता, ठाऊक नाही. दाढी वाढलेली. "माजी आय हाय. मी त्याच घरात जल्माला आलो. माज्यापरास कोन जानता?" त्याने आत येऊन टेबलावरचं पेन उचललं.

मी विचारलं, "तुझा पुरावा?"

त्याचा मोकळा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. जानीबाई त्याच्याकडे बघत होती, सुगंधा खाली बघत होती. आई त्या घरात राहते हे सांगायला मुलाची सही चालणार नव्हती, कारण तो स्वतः कोण हे सांगणारा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. मला त्याला बोलायचं होतं खूप. सर असते तर त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नसता. मी सरांच्या गठ्ठ्यातला एक कोरा अर्ज ओढला, त्याच्यापुढे सरकवला, आणि म्हणाले, "आधी हा भर. तुझा. आईचा त्याच्यानंतर."

तो जमिनीवर बायकांच्या शेजारी बसला. अर्जाच्या पहिल्या ओळीत 'प्रति' छापलेलं होतं आणि पुढे रेघ. तिथेच तो अडला. मग खाली वाकला आणि चांगल्या, वळणदार अक्षरात लिहिलं, 'मा. तहसीलदार साहेब, रोहा.'

मला त्या क्षणी सरांचा इतका राग आला... हे बघण्यासाठी आणखी पाच आठवडे थांबायला काय झालं होतं?